अंदाजे आठवडाभर

"अंदाजे म्हणजे काय?" मापसाहेबांनी विचारलं, आणि खिडकीत उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, धाकटीने, कपाळाला हात लावला.

गॅरेजवाल्याने गाडीच्या बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. "अंदाजे म्हणजे अंदाजे, साहेब. बहुतेक ऑक्सिजन सेन्सर गेला असणार. बदलून बघू. नाहीतर मग दुसरं काहीतरी असेल."

"बहुतेक! असणार! बदलून बघू!" मापसाहेबांनी एकेक शब्द चिमटीत धरून झुरळासारखा बाजूला टाकला. "अहो, माणसाने एक तर माहीत आहे म्हणावं, नाहीतर माहीत नाही म्हणावं. मधले सगळे शब्द लबाडांचे."

मापसाहेबांची उभी हयात वजनमाप खात्यात गेली होती. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा. नोकरी सुटली तरी माप काही सुटलं नाही. चहात साखर पडायची ती चमच्यावर सुरी फिरवून, सपाट करून. धाकटीने लग्नानंतर पहिल्यांदा "चिमूटभर मीठ घातलंय" म्हटलं, तेव्हा "कुणाची चिमूट?" असा प्रश्न आला होता. तेव्हापासून तिने स्वयंपाकाबद्दल बोलणंच सोडून दिलं होतं.

पण गॅरेजवालाही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. हात पुसत तो म्हणाला, "साहेब, वय झालंय हो गाडीचं. ह्या वयात गाडी काय आणि माणूस काय, डॉक्टरसुद्धा अंदाजेच बोलतो."

झालं. बॉनेट उघडंच राहिलं आणि गॅरेजवाला फाटकाबाहेर गेला.

"आता हो?" धाकटीने खिडकीतून विचारलं. "उद्या ताईला आणायचंय."

"आणायचंय ना? आणू. मी स्वतः बदलतो सेन्सर."

हे वाक्य धाकटीने आयुष्यात बऱ्याचदा ऐकलं होतं. फक्त शेवटचा शब्द बदलत गेला होता. एकदा रेडिओ होता. तो दुरुस्त झाल्यावर त्यावर एकच स्टेशन लागायचं, आणि त्यावरचे लोक काय भाषा बोलतात ते गल्लीत कुणालाच कळायचं नाही. एकदा भिंतीवरचं घड्याळ होतं. ते पुढे वर्षानुवर्षं टोले बरोबर द्यायचं, वेळ मात्र स्वतःच्या मनाची दाखवायचं. आणि एकदा स्कूटरचा हॉर्न होता. त्याची आठवण न काढलेलीच बरी.

आज मात्र नुसत्या घड्याळाची गोष्ट नव्हती. ताई, तिची थोरली बहीण, डोंगरापलीकडे एकटी राहत होती, आणि पुढच्या आठवड्यात तिचा मुलगा तिला कायमचं आपल्या शहरात घेऊन जाणार होता. विमानाने जायचं, इतकं लांब. जाण्याआधी एक दिवस, निदान एक रात्र, ताईने आपल्या घरी राहावं एवढीच धाकटीची इच्छा होती. ताई कधी राहिलीच नव्हती. यायची, चहा प्यायची, "घरचं कोण बघणार गं?" म्हणत चपला घालायची. ह्या वेळी कशीबशी हो म्हणाली होती. धाकटीचे केस पांढरे झाले होते, गुडघे बोलत होते, गल्लीतली मुलं तिला आजी म्हणत होती. तिला धाकटी म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते विमानात बसणार होतं.

"टॅक्सी करू या का?" तिने भीतभीत विचारलं.

"दारात गाडी असताना?" मापसाहेब म्हणाले, आणि पार्टच्या दुकानाकडे निघाले.

येताना त्यांनी सेन्सरची डबी आणली आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनाही आणलं. डॉक्टरांकडे गाडीला जोडायचं एक छोटं यंत्र होतं. ते जोडून त्यांनी आकडे वाचले आणि गंभीर चेहरा केला. पेशंटला दात काढावा लागेल असं सांगताना ते हाच चेहरा करत.

"ऑक्सिजन सेन्सरच. शंका नाही."

"बघ!" मापसाहेब धाकटीला म्हणाले. "ह्याला म्हणतात निदान."

"पण गॅरेजवाला तेच तर म्हणत होता."

"तो अंदाजे म्हणत होता."

डॉक्टरांनी धाकटीला समजावून सांगितलं. "काकू, हे इंजिनाचं नाक समजा. धुराच्या पाइपात बसून हुंगत असतं. पेट्रोल जास्त होतंय की कमी, ते वरती कळवतं. नाक चोंदलं की वरच्यांना काही कळत नाही, आणि मग गाडी चढावर धापा टाकते. काही नाही, जुनं फिरवून काढायचं, नवं फिरवून बसवायचं. चहा होईपर्यंत काम संपेल."

धाकटीने चहा ठेवला. तो चहा झाला, प्यायला गेला, त्यानंतरचाही प्यायला गेला, आणि सेन्सर जागचा हलला नाही.

गाडीची पुढची चाकं लाकडी फळ्यांच्या थरांवर चढवलेली होती, मागच्या चाकांना दगड लावले होते. मापसाहेब जुनं अंथरूण घालून गाडीखाली गेले होते. बाहेर फक्त त्यांचे पाय होते आणि त्या पायांत, कामाचं गांभीर्य म्हणून, ऑफिसचे बूट होते. शेजारी डॉक्टर उकिडवे बसून, दात तपासायचा गोल आरसा पाइपाजवळ धरून आत बघत होते.

"मुळं घट्ट धरलीयेत हो," डॉक्टर म्हणाले. "गंजाने चिकटलाय. तेल सोडा आणि थोडं थांबा. बधिर होऊ द्या."

"बधिर?"

"म्हणजे, मुरू द्या."

तेल मुरेपर्यंत मापसाहेबांनी गाडीखालूनच फर्मान सोडलं, "अगं, नवा सेन्सर डबीतून काढून ठेव. माझे हात तेलकट आहेत. त्याच्या टोकाला बोट लावायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही. स्वच्छ फडक्यात गुंडाळ आणि नीट जागी ठेव."

धाकटीने डबी उघडली. आत चकचकीत, बोटाएवढी वस्तू होती, मागे वायरीची शेपटी. तिने ती पांढऱ्या रुमालात तान्ह्या बाळासारखी गुंडाळली. घरात धूळ नसलेली जागा एकच, कपड्यांचं कपाट. तिथे ताईसाठी इस्त्री करून ठेवलेले उशीचे अभ्रे होते. त्यांच्यामध्ये तिने रुमाल सरकवला आणि त्या निमित्ताने अभ्र्यांवरून एकदा हात फिरवून घेतला. लहानपणी दोघींना मिळून एक उशी होती. ताई अर्धी उशी द्यायची खरी, पण अर्धी म्हणजे किती, हे नेहमी ताईच ठरवायची. तिथे कुठलंही वजनमाप खातं चालत नसे.

बाहेरून "आई गं!" असा आवाज आला. पाना सटकला होता आणि मापसाहेबांच्या बोटांची सालं निघाली होती. डॉक्टरांनी सुचवलं की इंजिन थोडा वेळ चालू ठेवून पाइप गरम केला तर धातू प्रसरण पावेल. धातू पावला. मग मापसाहेबांनी तो किती पावला हे हात लावून बघितलं. दुसऱ्यांदा "आई गं!" झालं.

"बर्फ लावा," डॉक्टर म्हणाले, "आणि आज गरम काही खाऊ नका." सवयीने म्हणाले बिचारे.

दुपार टळायला लागली. गाडीखालून येणारा मापसाहेबांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. सुरुवातीला "हात्तिच्या" होतं, मग "अरे देवा" झालं, आणि मग नुसतेच उसासे. एका उसाशाबरोबर तेलाचा थेंब थेट चष्म्यावर पडला. त्यांनी चष्मा काढून बाहेर सरकवला. धाकटीने तो उचलला आणि तिच्या मनात आलं, आता ह्यांना दिसतही नाही. म्हणजे काम रंगात आलं.

तेवढ्यात फोन वाजला. ताईच होती.

"काय गं धाकटे, उद्या सकाळी येताय ना? मी पिशवी भरून बसलेय."

"येणार तर! म्हणजे, गाडीत थोडं काम निघालंय. होईलच."

"कुठल्या गॅरेजला टाकलीय?"

"गॅरेजला नाही. हे स्वतः करतायत."

पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा धप्प आवाज आला.

"ताई?"

"ऐकतेय. काय म्हणालीस, स्वतः?"

त्याच क्षणी गाडीखालून कर्र असा आवाज आला आणि पाठोपाठ विजयाची आरोळी. "सुटला! सुटला! धर गं!" तेलाने माखलेला हात बाहेर आला. त्या हातात काळाकुट्ट, काजळी धरलेला जुना सेन्सर होता. धाकटीने फोन कान आणि खांदा यांच्यात धरला आणि तो घेतला.

आता धाकटीच्या माहेरी एक रीत होती. आईने दोघींना लहानपणीच शिकवली होती: नवी वस्तू डबीतून बाहेर आली, की जुनी घासूनपुसून त्याच डबीत ठेवायची. टाकायचं काही नाही, वेळेला उपयोगी पडतं. आईचा जुना चष्मा नव्या चष्म्याच्या घरात असायचा, वडिलांची जुनी कवळी नव्या कवळीच्या डबीत. त्यापायी वडील एकदा एका समारंभात भलतीच कवळी लावून गेले होते आणि पूर्ण भाषणभर शिट्टी वाजत होती. तरी रीत मोडली नव्हती. मापसाहेबांनाही ती पसंत होती. सासुरवाडीची त्यांना पसंत पडलेली ती एकमेव गोष्ट.

"अगं पण तू उद्या नक्की येशील ना राहायला?" धाकटी फोनवर म्हणत होती आणि हात आपलं काम करत होते. रॉकेलचं फडकं फिरलं. मग तारेची घासणी फिरली. मग लिंबाची फोड फिरली. वायरीची शेपटी साबणाने पुसली गेली. काळाकुट्ट सेन्सर बघता बघता चांदीच्या चमच्यासारखा झाला, डबीत गेला, झाकण बसलं. मन डोंगरापलीकडे होतं, त्याचा हाताला पत्ता नव्हता.

"बघते," ताई म्हणाली. "ठेव आता." आणि तिने फोन ठेवलासुद्धा. नेहमी निरोपालाच चहा थंड होईल इतका वेळ घेणारी ताई! धाकटीची खात्रीच पटली. नाही येणार ही. रागावली असेल.

"अगं, सेन्सर दे की!" मापसाहेब ओरडले. "लक्ष कुठंय?"

धाकटीने डबी उघडली आणि आतला चकचकीत सेन्सर त्यांच्या हातात ठेवला. मापसाहेबांनी तो चष्म्याविना डोळ्यांजवळ नेला आणि गहिवरून म्हणाले, "नवी वस्तू ती नवीच हो डॉक्टर. बघा काय तेज आहे!"

डॉक्टरांनी आरशात बघून मान डोलावली. "लिंबाचा वास येतो."

"परदेशी असेल."

पुढचा भाग मापसाहेबांचा हुकमी होता. सेन्सर किती जोराने आवळायचा याचा आकडा त्यांनी काढून ठेवला होता. गॅरेजवाले अंदाजे आवळतात. मापसाहेबांनी माळ्यावरून आपला नोकरीतला, ओढून वजन मोजायचा ताणकाटा मागवला, त्याचा हूक पान्याच्या टोकाला अडकवला आणि डॉक्टरांना काट्यावर नजर ठेवायला सांगितलं. "अजून... अजून... थोडं... बस!" एवढ्या अचूकपणे गेलेला सेन्सर आजवर जगात कुणी बसवला नसेल.

मग चष्मा पुसला गेला, बूट झटकले गेले आणि किल्ली फिरली. इंजिन लागलं. समोरचा, बिघाड सांगणारा पिवळा दिवाही लागला.

"त्याला वेळ लागतो," मापसाहेब म्हणाले. "बॅटरीची वायर काढून परत लावली की जुनं विसरतो."

वायर काढली, लावली. दिवा गेला! धाकटीने देवाला हात जोडले. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मापसाहेबांनी गाडी फळ्यांवरून उतरवली, दगड काढले, ऐटीत फाटकाबाहेर काढली आणि गल्लीला एक चक्कर मारायला गेले. जाताना गाडी गुणगुणत गेली. येताना ठसके देत, उचक्या देत, रडकुंडीला आल्यासारखी आली आणि दारात येऊन बंद पडली. पिवळा दिवा लग्नातल्या माळेसारखा लुकलुकत होता.

मापसाहेब बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिले. धाकटी खिडकीजवळ गेली.

"काय झालं हो?"

"सेन्सर नवा आहे," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "बरोबर मापात बसवलाय. मग अंदाजे... दुसरंच काहीतरी असेल."

धाकटी मागे सरकली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना आजारी पाहिलं होतं, संतापलेलं पाहिलं होतं, बढती हुकल्यावर गप्प बसलेलं पाहिलं होतं. पण हा शब्द त्यांच्या तोंडून, त्यांचा स्वतःचा म्हणून, तिने कधी ऐकला नव्हता. डॉक्टरही हळूच आपला आरसा खिशात घालून "क्लिनिक उघडायचंय" म्हणत सटकले.

त्यानंतर जे झालं ते बघवत नव्हतं. एकदा अंदाज सुटला की तो कुठे थांबतो! अंदाजे एअर फिल्टर असेल म्हणून तो निघाला. अंदाजे प्लग असतील म्हणून ते निघाले. अंदाजे ही नळी असेल, अंदाजे ती क्लिप असेल. एकेक वस्तू व्हरांड्यात वर्तमानपत्रावर मांडली जाऊ लागली. कोणती कुठून काढली याच्या चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या. थोड्या वेळाने एक वाऱ्याची झुळूक आली आणि वर्तमानपत्राची घडी होऊन सगळ्या वस्तू आपसांत मिसळल्या. मापसाहेबांनी ते नुसतं बघितलं.

धाकटी आत जाऊन पलंगावर बसली. ताईच्या उशाशी ठेवायचा तांब्या घासून ठेवला होता. पायांवर घ्यायची शाल घडी करून ठेवली होती. तिने ताईला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाहीच. तिला रडू कोसळलं. रागावलेली ताई फोन उचलत नसे, ही बालपणापासूनची गोष्ट. त्या काळी फोन नव्हते, पण फोन असते तर उचलला नसता.

संध्याकाळी फाटकाबाहेर एक टॅक्सी थांबली. तीतून आधी काठी बाहेर आली, मग एक भली मोठी बॅग, आणि मग ताई.

"ताई! तू? आणि आज?"

"मग काय करणार!" ताई धापा टाकत म्हणाली. "तू म्हणालीस, हे स्वतः करतायत. मी फोन ठेवला आणि सरळ टॅक्सी बोलावली. विसरलीस वाटतं स्कूटरचा हॉर्न? मला स्टेशनवर न्यायला यायचं होतं ना ह्यांना? दुपारभर मी बाकावर बसून राहिले, आणि आले तेव्हा गाव गोळा करत आले! हॉर्न बंदच होईना. लोकांना वाटलं आग लागली. अख्खं गाव बादल्या घेऊन मागे! ह्या वयात माझ्याने नाही बाई बाकावर बसवत."

मग तिची नजर व्हरांड्याकडे गेली. गाडीचं पोट उघडं होतं, आतडी वर्तमानपत्रावर होती, आणि त्यांच्यामध्ये मापसाहेब हातात एक स्प्रिंग घेऊन ती कशाची असावी याचा विचार करत बसले होते.

"काय मेहुणे, बरे आहात ना?"

मापसाहेबांनी मान वर केली. "या, ताई. परवा तुम्हाला परत सोडायचं होतं. पण..."

"त्या टॅक्सीत तर मी पुन्हा पाय ठेवणार नाही. वळणावळणावर जीव तोंडात आला होता. तुमची गाडी नीट झाली की तुम्हीच सोडा. किती दिवस लागतील?"

मापसाहेबांनी स्प्रिंगकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "अंदाजे... आठवडाभर."

"अगं बाई!" ताई म्हणाली. "मग राहावंच लागणार म्हणायचं. मुलाला कळवते, मला इथूनच घेऊन जा म्हणून. घरचं सगळं बांधून झालंय नाहीतरी." आणि तिने चपला काढल्या.

धाकटीने बॅग आत नेली. एका रात्रीसाठी ती फारच जड होती. आत चार दिवसांच्या नव्हे, हवापालटाला निघावं इतक्या साड्या होत्या, औषधांचा डबा होता, तळाशी लोकरीचे मोजेसुद्धा होते. धाकटीने ताईकडे पाहिलं. ताईने एकदम खिडकीबाहेर पाहिलं.

"उशीला अभ्रा घाल आधी," ताई म्हणाली, आणि स्वतःच कपाट उघडून अभ्रे ओढले. त्यांच्यातून पांढरा रुमाल घरंगळला आणि ठण्‌ आवाज करत काहीतरी फरशीवर पडलं. चकचकीत, बोटाएवढं, वायरीची शेपटी असलेलं.

धाकटीने आधी ते पाहिलं. मग तिला डबी आठवली. मग लिंबाची फोड आठवली. मग ती मटकन पलंगावर बसली.

"काय गं हे?" ताईने विचारलं.

धाकटीने कुजबुजत सगळं सांगितलं. दिवसभराचं दुखणं, सालं निघालेली बोटं, ताणकाटा, सगळं. ताई तोंडाला पदर लावून ऐकत होती. कवळीच्या भाषणाचा प्रसंग दोघींना एकदमच आठवला. हसू आवरता आवरेना. पलंग हलायला लागला.

"जाते, देऊन येते त्यांना," धाकटी डोळे पुसत उठली. "बिचारे फारच खचलेत गं."

ताईने तिचा हात धरला. "दिलंस तर गाडी कधी होईल?"

"सगळं परत जागेवर लावलं की... उद्याच होईल."

"हं," ताई म्हणाली. तिने सेन्सर रुमालात परत गुंडाळला, बॅगच्या तळाशी लोकरीच्या मोज्यात सारला आणि चेन ओढली. "जाताना देईन मी. सरक तिकडे. आणि ही अर्धी उशी तुझी."

तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला. "अगं! सेन्सरची डबी रिकामी कशी? जुना सेन्सर कुठंय?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. कधी नव्हे तो मापसाहेबांचा हिशेब बरोबर चालला होता.

"मी टाकला हो तो!" ताई तिथूनच ओरडली. "येता येता कचऱ्यात. काळाकुट्ट होता, म्हटलं काय करायचाय!"

मग मापसाहेब दारात येऊन उभे राहिले. कपाळाला तेल, बोटांना पट्ट्या, हातात ती अनाथ स्प्रिंग. इतका हरलेला माणूस धाकटीने कधी पाहिला नव्हता. ती बोलायला तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "मला वाटतं, गॅरेजवाल्यालाच बोलवावं. म्हणू दे काय म्हणायचं ते."

"छे, छे!" ताई उशीवर रेलत म्हणाली. "त्या अंदाजवाल्याला कशाला? तुमच्या हाताला यश आहे, मेहुणे. तुम्हीच करा. सावकाश."